दोन सेकंदांची मुदत

मे महिन्यातली संध्याकाळ. सांगलीला ताईच्या घरी, भाच्याच्या खोलीत, मी त्याच्या मागे स्टूल टाकून बसलो होतो. "मामा, बघा हं, आता होईल," तो म्हणाला. गेममधला त्याचा योद्धा एका गुहेतून चालला होता. ओल्या भिंती, मशालीचा उजेड, एवढंच. मग गुहेचं तोंड आलं, समोर अख्खी दरी उघडली, झाडं, नदी, लांबवर बर्फाचे डोंगर, आणि स्क्रीन काळी झाली. आवाज मात्र बंद पडला नाही. पाण्याच्या खळखळाटाचा एक तुकडा चरा पडलेल्या तबकडीसारखा तिथल्या तिथे घोटाळत राहिला. कॅबिनेटमधले पंखे एकदम घोंघावले. दहा-बारा सेकंदांनी चित्र परत आलं ते डेस्कटॉपचं. त्यावर एक चौकट होती : ग्राफिक्स डिव्हाइस काढून टाकण्यात आलं आहे.

"कोणी काढलं?" भाच्याने विचारलं. कार्ड तर काचेच्या झाकणामागे जागच्या जागी दिसत होतं.

त्याने तोवर तीन वेळा ड्रायव्हर बदलला होता, दोनदा विंडोज फॉरमॅट मारून झालं होतं. दुकानदाराने पाच मिनिटं मशीन पाहून निकाल दिला होता : कार्ड गेलंय, नवीन घ्या. ताईने भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मी गेली वीस वर्षं ही यंत्रं उघडतो आहे आणि या एका निकालाने किती घरांचे किती पैसे विनाकारण गेले हे पाहत आलो आहे. म्हणून भाच्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कोणी काढलं? हे ज्याला नीट समजेल, त्याला पुढचा शोध घेता येईल.

ड्रायव्हर म्हणजे काय इथून सुरुवात करू. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखाना एकेका मजुराशी बोलत नाही, तो मुकादमाशी बोलतो. कोणत्या फडावर किती कोयते लावायचे, गाडी कधी भरायची, हे मुकादम ठरवतो. ग्राफिक्स कार्डाच्या चिपवरही अशीच टोळी असते, फक्त फार मोठी. २०२२च्या आरटीएक्स ४०९० या कार्डावर १६,३८४ छोटे गणकघटक एकाच वेळी राबतात. गेम त्यांना ओळखत नाही. "हे झाड इथे, त्यावर ऊन असं, सावली तशी," एवढंच तो डायरेक्टएक्सच्या ठरलेल्या भाषेत सांगतो. त्याचं रूपांतर या विशिष्ट चिपला कळणाऱ्या हुकमांत करायचं, ते रांगेत लावायचे, स्मृतीतली जागा वाटून द्यायची आणि काम झालं की वर कळवायचं, ही सगळी मुकादमी ड्रायव्हरची. म्हणूनच तो शेकडो मेगाबाइटचा असतो आणि नवा मोठा गेम आला की त्याची नवी आवृत्ती निघते.

आता टोळीने हात थांबवले तर? सेकंदाला साठ चित्रं दाखवायची असतील तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. विंडोज एक्सपीच्या काळात चिप एखाद्या हुकमात अडकली की सगळं यंत्र गोठायचं. माउस हलत नसे, बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नसे. २००७च्या जानेवारीत सर्वांसाठी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली. त्याचा मोठा भाग विंडोजच्या गाभ्याबाहेर काढला, गाभ्यात लहान भाग ठेवला आणि वर एक पहारेकरी बसवला. त्याचं नाव टीडीआर. चिपला दिलेलं काम दोन सेकंदांत संपलं नाही आणि ते मध्येच बाजूलाही ठेवता आलं नाही, तर चिप अडकली असं हा पहारेकरी धरतो. दोन सेकंद आपल्याला थोडे वाटतात, पण तेवढ्या वेळात एकशेवीस चित्रं व्हायला हवी होती.

मुदत संपली की पहारेकरी ड्रायव्हरला सांगतो, चिप पुन्हा सुरू कर. स्क्रीन काळी होते ती या घडीला. कार्डाच्या स्मृतीतलं सगळं पुसलं जातं आणि डेस्कटॉप नव्याने रंगवला जातो. विंडोज वाचतं. गेम मात्र बहुधा वाचत नाही, कारण त्याने कार्डात रचून ठेवलेली झाडं, नदी, डोंगर सगळं नाहीसं झालेलं असतं. तो कार्डाला हाक मारतो तेव्हा त्याला उत्तर मिळतं की तू ज्याच्याशी बोलत होतास ते डिव्हाइस आता नाही. भाच्याच्या स्क्रीनवरची चौकट हीच. कार्ड काढलं होतं पहारेकऱ्याने, तेही यंत्र वाचवण्यासाठी. हाच प्रकार एका मिनिटात पाचाहून अधिक वेळा झाला, किंवा चिप पुन्हा उठलीच नाही, तर विंडोज नाद सोडतं आणि निळी स्क्रीन येते.

या सगळ्यात ड्रायव्हर चुकला असं कुणीही म्हटलेलं नाही. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, एवढंच म्हटलं आहे. टोळी का थांबली, ऊन लागलं, पाणी मिळालं नाही की फडात साप निघाला, हे त्या नोंदीत नसतं. पण नोंद मुकादमाच्या नावावर होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची ओळ पडते, तिच्यात ड्रायव्हरच्या फायलीचं नाव असतं, आणि वाचणारा लगेच ड्रायव्हर बदलायला धावतो. रिलायबिलिटी मॉनिटर उघडला तर तिथे उलटं. तिथे हीच घटना १४१ क्रमांकाने 'हार्डवेअर एरर' म्हणून लिहिलेली दिसते आणि वाचणारा कार्ड बदलायला निघतो. दुकानदाराने बहुधा तीच ओळ वाचली असावी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत.

ड्रायव्हरची बदनामी अगदीच निराधार आहे असं मात्र नाही. व्हिस्टावरून अमेरिकेत जो खटला चालला, त्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टची अंतर्गत पत्रं उघड झाली. २००७मधल्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. नवी रचना, घाईत लिहिलेले ड्रायव्हर, तेव्हा ते साहजिक होतं. २०१० सालच्या मार्चमध्ये तर एनव्हिडियाला १९६.७५ ही आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण तिच्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट वेग घेत नव्हते आणि कार्डं तापत होती. अगदी अलीकडे, २०२५च्या सुरुवातीला, ५७२ मालिकेतल्या आवृत्त्यांनी नव्या कार्डांवर काळ्या स्क्रीन आणि क्रॅश यांचा उच्छाद मांडला होता. एप्रिलमध्ये ५७६.०२ आली तेव्हा तिच्या सुधारणांची यादी चाळिसाच्या वर गेली होती.

तरीही मुकादमाकडे बोट दाखवण्याआधी थांबायला का हवं, हे ज्या प्रकरणाने मला पक्कं शिकवलं ते २०२३-२४चं आहे. जगभरात महागडी यंत्रं बाळगणाऱ्या खेळाडूंना गेम सुरू होताना एक संदेश येऊ लागला : व्हिडिओ मेमरी संपली. त्यांतल्या कित्येकांकडे २४ गिगाबाइट स्मृतीचं कार्ड होतं, म्हणजे घरात धान्याची कोठारं भरलेली आणि दाण्याला मोताद असल्याची ओरड. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं परत केली, नवी आणली. संदेश जाईना. विशेषतः अनरिअल इंजिनवर बांधलेल्या गेममध्ये तो हमखास यायचा.

धागा सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. या गेमच्या फायली ऊडल नावाच्या पद्धतीने आवळून बांधलेल्या असतात. गेम सुरू होताना शेडर, म्हणजे रंग आणि उजेड-सावलीचे छोटे प्रोग्रॅम, उलगडून तयार करावे लागतात. हे उलगडण्याचं काम कार्ड करत नाही, मुख्य प्रोसेसर करतो. आणि त्या सगळ्या यंत्रांत प्रोसेसर होते इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे. त्यांच्या आकडेमोडीत क्वचित एखादी चूक होई. उलगडलेला माल बिघडलेला निघे, कार्ड तो घेईना, आणि गेमला एवढंच कळे की कार्डात वस्तू ठेवता आली नाही. त्याच्याकडे त्यासाठी एकच ठरलेलं वाक्य होतं, ते तो दाखवत होता. ऊडल बनवणाऱ्या रॅड या कंपनीने हे उघडपणे लिहिलं. एप्रिल २०२४मध्ये एनव्हिडियानेही असा संदेश येणाऱ्यांना इंटेलकडे बोट दाखवलं. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक ५५वरून ५३वर आणला की तोच गेम बिनबोभाट सुरू होई, हा त्यातला सगळ्यात बोलका पुरावा.

इंटेलने जुलै २०२४मध्ये मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. चिपमधल्या घड्याळाच्या ठेक्याचं जे मंडल असतं, ते वाढीव व्होल्टेज आणि उष्णतेने वेळेआधी म्हातारं होत होतं. जे प्रोसेसर झिजले होते ते दुरुस्तीने बरे होणार नव्हते. त्यांच्यासाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. दरम्यान ज्यांनी कार्डं विकून टाकली, त्यांचं नुकसान कोण भरून देणार? त्यांची कार्डं शेवटपर्यंत ठणठणीत होती.

म्हणून मी भाच्याला आधी वही आणायला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर नंतर. प्रत्येक क्रॅशची वेळ, कोणता गेम, सुरू करून किती मिनिटं झाली, नेमकं काय चाललं होतं, कार्डाचं तापमान किती, हे त्यात उतरवायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याने आधी काय केलं होतं? एकाच दुपारी ड्रायव्हर नवा घातला, गेमचा दर्जा कमी केला, झाकण उघडं ठेवलं, रॅम काढून पुसून बसवली. त्या संध्याकाळी क्रॅश झाला नाही, दुसऱ्या दिवशी झाला, आणि चार गोष्टींपैकी कशाने थोडा वेळ टळला होता हे कळायला मार्गच उरला नाही.

क्रॅशची वेळ खूप काही सांगते. गेम सुरू होतानाच, शेडर तयार होत असताना कोसळत असेल तर मी प्रोसेसर आणि रॅमकडे वळतो. वीस मिनिटं सुरळीत, मग कोसळलं, थोडी विश्रांती दिली की परत वीस मिनिटं, असा नेम असेल तर उष्णतेकडे. नवी आवृत्ती घातल्यावर सुरू झालं आणि एकाच गेममध्ये होतं, तर ड्रायव्हर किंवा तो गेम. मागच्या आवृत्तीवर जाऊन पाहावं, खर्च काही नाही. आणि दृश्य अचानक जड होतं त्या क्षणी कोसळत असेल तर वीज. चार दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात अशा होत्या : गुहेतून बाहेर, लिफ्टचं दार उघडलं, नकाशा बंद करून मैदानात आलो. तापमान प्रत्येक वेळी ७० अंशांच्या आत.

उष्णतेबद्दल इथे एक बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे सगळे पहिला संशय तिच्यावरच घेतात. आजची कार्डं ८३ ते ९० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. म्हणजे तापलं की आधी गेम जड होतो, थेट कोसळणं त्यानंतरचं. पण कार्ड जो आकडा दाखवतं तो चिपचा असतो. स्मृतीच्या चिप आणि वीज वाटणारे भाग त्याहून तापलेले असू शकतात, म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये हॉटस्पॉट आणि मेमरीचं तापमान वेगळं पाहावं. चिप ७० आणि हॉटस्पॉट १००च्या पुढे, एवढी तफावत दिसली तर थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की कार्डाचंही जवळपास तेवढंच वाढतं, हा हिशेब धरून आपल्याकडे मेमध्ये यंत्राची परीक्षा घ्यावी. डिसेंबरात सगळेच पास होतात. धूळ काढताना ब्लोअरने पंख्याची पाती गरगर फिरू देऊ नयेत. बोटाने धरून ठेवावीत, बेअरिंग वाचतं.

वहीवरून संशय विजेवर आला होता, आता तो तपासायचा होता. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. त्यात पॉवर लिमिट म्हणून एक सरकपट्टी असते. ती शंभरावरून सत्तरवर ओढली आणि भाच्याला गुहेत पाठवलं. बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चार तास काही झालं नाही. ड्रायव्हर तोच, गेम तोच, कार्डही तेच. विजेची मागणी तेवढी कमी केली होती. मग पट्टी परत शंभरावर नेली आणि तिसऱ्या फेरीला स्क्रीन काळी झाली.

ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, वेगळ्या वायरीने येते, आठ पिनांच्या एका जोडणीला १५० वॅट अशी मर्यादा ठरलेली आहे. कार्डावर लिहिलेला वॅटचा आकडा सरासरीचा असतो, हे मात्र खोक्यावर कुठे लिहीत नाहीत. दृश्य बदलतं तेव्हा काही मायक्रोसेकंदांसाठी मागणी त्या आकड्याच्या कितीतरी वर उसळते. २०२०नंतरच्या मोठ्या कार्डांनी चांगले चांगले एसएमपीएस यामुळेच बंद पाडले. २०२२मध्ये इंटेलने जो एटीएक्स ३.० हा नियम आणला, त्यात मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या ताकदीच्या दुप्पट मागणी सोसावी अशी अट घालावी लागली. गुहेच्या अंधारातून दरीच्या उजेडात येणं म्हणजे चिपच्या दृष्टीने असाच एक उसळीचा क्षण.

मशीन बंद करून, वायर भिंतीतून काढून, झाकण उघडलं. कार्डाला आठ पिनांच्या दोन खाचा होत्या. त्या दोन्हींत एकाच वायरीची दोन टोकं खोचलेली होती. एसएमपीएसकडून एक वायर निघते आणि शेवटी तिला दोन तोंडं फुटतात, तसली. जोडणाऱ्याला ती सोपी पडते, कॅबिनेट नेटकं दिसतं, पण सगळा प्रवाह एकाच वायरीतून जातो. मी ती एसएमपीएसच्या बाजूने ओढली. ओढली म्हणण्यापेक्षा ती हातात आली, कारण तिची खिट्टी बसलेलीच नव्हती. जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर राहिली असावी. प्लग उजेडात धरला तर काळ्या प्लास्टिकमध्ये एका कोपऱ्यातल्या दोन छिद्रांच्या कडा तांबूस झाल्या होत्या. नाकाशी नेला तर करपल्याचा बारीक वास होता. त्या दोन पिना नीट टेकत नव्हत्या. तेवढ्या जागेत प्रवाहाला अडथळा होता, मागणी उसळली की तिथे व्होल्टेज पडत होतं आणि चिप हुकमाच्या मध्यात अडखळत होती. मग दोन सेकंद, पहारेकरी आणि काळी स्क्रीन.

भाच्याने तो प्लग बराच वेळ हातात धरून ठेवला. "एवढ्याशासाठी?" म्हणाला.

एसएमपीएसच्या खोक्यात आणखी दोन वायरी न वापरता पडून होत्या. एसएमपीएसच्या दुसऱ्या, स्वच्छ खाचांतून त्या दोन वेगळ्या वायरी ओढल्या, दोन्ही टोकांना खिट्टीचा टक असा आवाज ऐकला, पॉवर लिमिट शंभरावर ठेवलं. भिशीचे पैसे ताईच्या कपाटात परत गेले. एक सांगून ठेवतो, ते मोलाचं आहे : एका कंपनीच्या एसएमपीएसची वायर दुसऱ्याला कधीही लावू नये. प्लग सारखा दिसतो, आत पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग खरोखरच कार्ड जातं.

घरची वीजही पाहावी. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा पाय लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर खोलीला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या गाळणीची वीज जमिनीत जायला वाट शोधत असते आणि पत्र्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण वायरमन बोलावायला तेवढं कारण पुरे. लोडशेडिंगसाठी घेतलेले स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात. पंखे आणि दिवे ती चालवून घेतात, पण चांगल्या एसएमपीएसना ती मानवतेच असं नाही. खेळताना वीज गेली की क्रॅश, अशी तक्रार असेल तर आधी हे.

भाच्याच्या यंत्रात निघाला तो दोष प्रत्येकाच्या यंत्रात निघेल असं अजिबात नाही. कार्ड स्वतःच जास्त वेगाने पळवलं जाणं हे आणखी एक नेहमीचं कारण आहे, आणि ते करायला ओव्हरक्लॉकिंगचा नाद असावाच लागतो असं नाही. कित्येक कार्डं कारखान्यातूनच वाढीव वेगाची येतात. सप्टेंबर २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत अनेकांचे गेम कोसळू लागले. चिप दोन गिगाहर्ट्झच्या आसपास उसळली की हे व्हायचं. कार्डाच्या पाठीवरचे कपॅसिटर कोणत्या जातीचे, यावर तेव्हा घमासान चर्चा झाली. २८ सप्टेंबरला ४५६.५५ हा ड्रायव्हर आला आणि बहुतेकांचा त्रास थांबला. घरी याची परीक्षा सोपी आहे. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक ५० ते १०० मेगाहर्ट्झने खाली आणावा. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि क्रॅश थांबला तर चिप काठावर चालत होती हे कळतं. वॉरंटीत असेल तर तेवढ्या पुराव्यावर कार्ड बदलून मागावं. रॅमचंही तसंच. बायोसमधलं एक्सएमपी चालू केलं की रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळते. ते बंद करून एक दिवस खेळून पाहावं, मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावावा. रॅममधल्या एका चुकीच्या बिटाने ड्रायव्हरचा बळी गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आणि कधी दोष खेळाचा असतो. जुलै २०१०मध्ये स्टारक्राफ्ट २ आला. त्याच्या मेनूच्या पडद्यांवर चित्रांच्या वेगाला आवरच घातलेला नव्हता, त्यामुळे काहीच चाललेलं नसताना कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं रेखाटत बसायचं आणि तापायचं. तो बनवणाऱ्या ब्लिझर्डने सेटिंगच्या फायलीत दोन ओळी घालायला सांगितल्या : खेळात साठ, मेनूत तीस. अकरा वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्डच्या चाचणी आवृत्तीत तेच घडलं, या वेळी काही आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची गेली. ईव्हीजीए कंपनीने परत आलेली कार्डं तपासली, तेव्हा चोवीस कार्डांवर एका भागाचं डाखकाम कच्चं सापडलं. कच्चा डाख आणि बेलगाम मेनू, दोन्ही एकत्र आले तेव्हा कार्ड जळालं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, मॉनिटरला जेवढी चित्रं दाखवता येतात तेवढ्यावर वेगाला मर्यादा घाला. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्येच ती सोय असते. कार्ड थंड राहतं, पंखा शांत राहतो, खेळ तेवढाच देखणा दिसतो.

ड्रायव्हर खरोखर बदलायचा असेल तर जुना पूर्ण काढून बदलावा. एकावर एक आवृत्त्या चढवल्या की जुन्या फायली आणि सेटिंग मागे राहतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवला की सगळं निपटून निघतं. आधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवावा आणि इंटरनेटची वायर काढून ठेवावी, नाहीतर आपण झाडत असतानाच विंडोज स्वतःच्या मनाने एखादा ड्रायव्हर आणून बसवतं. एवढं एकदा केलं की पुरे. ते करूनही क्रॅश तसाच राहिला तर चौथ्यांदा करून काही मिळणार नाही.

दोन सेकंदांची मुदत वाढवा, असाही सल्ला सर्रास दिला जातो. रजिस्ट्रीत टीडीआरडिले नावाची नोंद घालून ती दहा सेकंद करता येते. मला तो पटत नाही. थ्रीडी चित्रणासारख्या कामांत एखादा हुकूम खरोखर लांबतो, तिथे त्याला अर्थ आहे. खेळात मात्र अडकलेली चिप दहा सेकंदांनीही सुटत नाही, फक्त काळ्या स्क्रीनकडे आपण आठ सेकंद जास्त बघत बसतो. या नोंदी ड्रायव्हर तयार करणाऱ्यांच्या चाचण्यांसाठी आहेत, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते.

कार्ड खरंच गेलंय हे कधी म्हणावं? विंडोज सुरू होण्याआधीच, बायोसच्या साध्या पडद्यावरसुद्धा रंगीत चौकोन किंवा उभ्या रेघा दिसतात तेव्हा. तिथे ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे तो सुटला. किंवा तेच कार्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रात घातलं आणि तिथेही तसंच कोसळलं तेव्हा. ही दुसरी कसोटी मी सगळ्यांत वरची मानतो, आणि मित्राचं मशीन एका संध्याकाळपुरतं मिळालं तर तिला पैसे पडत नाहीत. चिपच्या पायाशी असलेले डाखाचे सूक्ष्म ठिपके तापून-निवून भेगाळतात. २००८ साली लॅपटॉपमधल्या अशाच कच्च्या जोडणीपायी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. अशी कार्डं ओव्हनमध्ये भाजून किंवा हॉट एअर मारून जिवंत करून देणारे भेटतात. कार्ड उठतंही, काही आठवडे. ते दुरुस्त झालेलं नसतं, आणि ज्या ओव्हनमध्ये आपण खायचं भाजतो त्यात तर ते कधीच घालू नये. जुनं कार्ड विकत घेताना मी म्हणून अर्धा तास जड गेम चालवून दाखवायचा आग्रह धरतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम बंद झाल्यावर वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. सगळी वाईट नव्हती, पण दुकानाच्या काउंटरवर नुसता पंखा फिरताना पाहून ते कळत नाही.

ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. बाहेर पाऊस धो धो पडत असल्याचा आवाज येत होता. "मामा, काल परत झालं. पण एकाच गेममध्ये, आणि ड्रायव्हर परवाच अपडेट केला होता. तापमान चौसष्ट. गुहेच्या गेममध्ये तीन तास बसलो, तिथे काही नाही."

"मग मागच्या आवृत्तीवर जाऊन बघ," मी म्हणालो.

"गेलोय," तो म्हणाला. "वहीत लिहिलंय."